द्वारकाबाईचे पाय

हट्टा गावच्या भागवतरावांना बायकोच्या बोलण्याचा फार वैताग यायचा. द्वारकाबाई चुलीशी बोलायची, म्हशीशी बोलायची आणि कुणीच नसलं तर निवडायला घेतलेल्या तुरीशी. भागवतराव अबोल. "जरा गप बसत जाय," एवढंच म्हणायचे.

अठ्ठ्याण्णव सालच्या फाल्गुनात शेतावर हळद शिजवणं चालू होतं. तिथंच, कढईपासून चार पावलांवर, ती कोसळली. नांदेडच्या दवाखान्यात वीस दिवस काढले. जीव वाचला, पण उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. कळायचं सगळं, तोंडातून मात्र नुसता घोगरा आवाज निघायचा.

घर इतकं सुनं झालं, की भागवतरावांना स्वतःच्या वहाणांचा आवाज नकोसा होई.

दिवाळीनंतर वसमतला एका शाळेत अ‍ॅक्युप्रेशरचं दहा दिवसांचं शिबिर लागलं. शिकवणारे सोनाजी मास्तर म्हातारे, पण खणखणीत. फळ्यावर माणसाच्या अंगाचं चित्र लावून ते सांगत, ही चीनमधली फार जुनी विद्या. अंगात प्राणाच्या वाटा असतात, त्या वाटांवरच्या ठरावीक जागा दाबल्या की अडलेलं मोकळं होतं, असं ते लोक मानतात. भागवतराव दहाही दिवस एसटीने गेले. शेवटच्या दिवशी त्यांनी विचारलं, "मास्तर, हिची वाचा येईल का?"

"खोटं कशाला सांगू? दुखणं हलकं होतं, झोप लागते, एवढं मी बघितलंय. वाचेचं सांगवत न्हाई. दवाखान्याच्या गोळ्या मात्र बंद करू नका."

सांगवत न्हाई म्हणजे येणारच न्हाई असं थोडंच, असं मनाशी घोळवत ते घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी तिचा पाय मांडीवर घेतला. तिने दचकून पाय ओढला आणि डाव्या हाताने त्यांच्या पायाला शिवून तो हात कपाळाला लावला. डोळ्यांत पाणी.

"पाप-बीप काही लागत न्हाई," भागवतराव म्हणाले. "आन लागलंच तर मला लागंल."

शेजारचा ग्यानबा दारातूनच ओरडला, "भागवता, बायकोचे पाय धरायची पाळी आली व्हय?"

"आली. काहून? तुला काही तकलीफ?"

गावात हसं झालं. त्यांनी दार काही लोटलं नाही.

गुडघ्याखाली चार बोटांवर, मग तळपायाच्या मधोमध, मग हाताच्या अंगठ्यापाशी. मुकाट्याने दाबत बसणं अवघड वाटे, म्हणून ते बोलू लागले. आधी कापसाचं, म्हशीचं. मग कधीच न सांगितलेलं. "तुला पाहायला आलो ना, तवा म्या पोहे खाल्लेच न्हाईत. हात थरथरत व्हता." द्वारकाबाई अर्ध्या तोंडाने हसली. त्या हसण्यासाठी ते दिवसभर आठवणी शोधत फिरू लागले.

ती काठी टेकत चालू लागली. दवाखान्याने सांगितलेल्या व्यायामाने की भागवतरावांच्या अंगठ्याने, कुणाला सांगता आलं नसतं. वाचा आली नाही. एकदा औंढ्याच्या बाजारात मागून कुणा बाईने "आवो!" अशी हाक मारली आणि भागवतराव गर्रकन वळले. ती आपल्या नवऱ्याला बोलावत होती. दोघं गर्दीत दिसेनासे होईपर्यंत ते हातात पिशवी धरून तसेच उभे राहिले.

तीन वर्षांनी, ऐन थंडीत, त्यांच्याच अंगठ्याचं पेर सुजलं. सोनाजी मास्तर भेटायला आले होते. ते बाहेर ओट्यावर हळूच म्हणाले, "हातावर जुलूम करू नका आता. वाचा येणार न्हाई, भागवतराव."

या वेळी त्यांना ते बराबर ऐकू आलं.

मास्तर गेल्यावर ते आत येऊन तिच्याजवळ बसले. "मास्तर म्हनले, न्हाई येणार."

द्वारकाबाईने मान हलवली. तिला ते केव्हाच कळलेलं होतं. तिने त्यांचा सुजलेला हात ओढून मांडीवर घेतला आणि अंगठा अन् पहिलं बोट यांच्यामधली जागा आपल्या डाव्या अंगठ्याने चाचपून दाबली.

"दुखतंय गं."

तिने दाब कमी केला आणि हनुवटी उचलली: बोला की.

भागवतराव सांगू लागले. सांगता सांगता मधेच थांबत, एखाद्या "मग?" पुरती जागा ठेवत आणि पुन्हा पुढं सुरू करत.