मावशी फळ्यावर

वर्गात मावशीला काय म्हणायचं, हा प्रश्न सरांना पहिल्याच दिवशी पडला आणि सत्र संपत आलं तरी सुटला नव्हता. कॅल्क्युलसमधली भलभलती कोडी ते चुटकीसरशी समजावून सांगत. पण दुसऱ्या बाकावर सख्खी मावशी वही उघडून बसली की त्यांची जीभ अडखळायची. ‘अगं’ म्हणावं तर वर्ग हसणार, ‘अहो’ म्हणावं तर घरी आई हसणार. मग त्यांनी सोपा मार्ग काढला. ते मावशीला काही विचारतच नसत.

मावशीचं चष्म्यांचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या नाकांवर फ्रेमा बसवायच्या आणि दुकान बंद करून संध्याकाळच्या वर्गाला यायचं. तिच्या पदवीला हा एकच विषय आडवा आला होता, दुसऱ्या सत्राचं कॅल्क्युलस, तोही सत्तावीस वर्षांपूर्वी. जुन्या विद्यार्थ्यांना राहिलेला विषय पुरा करायची मुभा मिळाली, तशी मावशीने कोणालाही न विचारता फी भरून टाकली. शिकवायला भाचाच आहे हे कळल्यावर म्हणाली, "बरं झालं. ह्याची शी-शू मी काढलीय, आता ह्याने माझी गणितं निस्तरावीत."

शी-शूचं अगदी खरं होतं. सर जन्मले तेव्हा त्यांची आई तीन महिने अंथरुणाला खिळली होती. मावशी पदवीचा राहिलेला शेवटचा पेपर सोडून धावत आली, ती पुन्हा कॉलेजला गेलीच नाही. चार पाहुणे जेवायला बसले की आई ही गोष्ट हटकून सांगायची. "हिने ह्याच्यासाठी शिक्षणावर पाणी सोडलं हो," म्हणून डोळे पुसायची, आणि सर, म्हणजे घरातला चिमण, खाली मान घालून घशातला घास कसाबसा गिळायचा. उपकाराचं ओझं इतक्या लहानपणी खांद्यावर पडलेलं पोर पुढे उनाड निघणं शक्यच नव्हतं. ते प्राध्यापक झालं, आणि तेही कडक.

किती कडक, तर चाचणीत जो नापास होईल त्याने आपलं चुकलेलं गणित सगळ्यांसमोर फळ्यावर सोडवायचं, असा सरांचा नियम होता. सुटलं तर त्याचे मार्क मिळणार. नाही सुटलं तर शेवटच्या परीक्षेला बसायचं नाही. पोरं ह्याला ‘फाशी’ म्हणत.

चाचणी वीस मार्कांची होती आणि आठला पास. मावशीचे भरले सात.

सरांनी तिचा पेपर पुन्हा पुन्हा चाळला. घोडं चौथ्या गणितात पेंड खात होतं. ‘ई’चा एक्सवा घात गुणिले कॉस एक्स, ह्याचं इंटिग्रल. मावशीने बाय पार्ट्सची रीत एकदा लावली, दुसऱ्यांदा लावली, आणि उजव्या बाजूला सुरुवातीचंच इंटिग्रल जसंच्या तसं येऊन उभं राहिलं. तिथे तिने सगळ्यावर काट मारली होती आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘फिरून फिरून भोपळे चौकात.’ ह्याला चारपैकी एक मार्क, फार तर. पण सरांच्या डोळ्यांपुढे फळ्याजवळ उभी राहिलेली मावशी आली, आणि गालातल्या गालात हसणारी अठरा वर्षांची पोरं आली. त्यांनी एकाचे तीन केले. सातचे नऊ झाले.

हे पचलंही असतं. पण मावशीच्या शेजारी बसणाऱ्या मुलीला वर्ग उगीच रेडिओ म्हणत नव्हता.

"मावशी, माझंही तिथंच अडकलं! मीही तुमच्यासारखीच काट मारली!" पेपर हातात पडताच रेडिओ सुरू झाला. "बाकीच्या गणितांनी तारलं म्हणून मी पास. पण मला एक आणि तुम्हाला तीन? भोपळे चौकाचे दोन मार्क जास्त का?"

वर्ग हसला. मावशी हसली नाही. तास संपल्यावर ती स्टाफरूमच्या दारात जाऊन उभी राहिली.

"सर, आत येऊ का?"

"मावशी, ये ना. बस."

"इथे मावशी कोणी नाही. हे दोन मार्क चुकून आलेत. कापा."

"तुझी रीत बरोबर होती म्हणून..."

"रीत रेडिओचीही बरोबर होती. तिचे वाढवता का?"

खोलीत दुसरं कोणी नव्हतं, तरी सरांनी दार लोटलं. "अगं, तुला फाशी देववत नाही मला. माझ्यापायी तुझं शिक्षण सुटलं. आता मीच तुझे मार्क कापू? कोणत्या तोंडाने?"

मावशीने खुर्ची ओढली आणि चष्मा कपाळावर चढवला. "चिमण, माझं शिक्षण तुझ्यापायी सुटलं, हे तुला कोणी सांगितलं?"

"आईने. सगळ्यांनीच."

"तुझ्या आईला काय माहीत! तुझ्या जन्माचा फोन आला ना, तेव्हा मी ह्याच गणितापुढे बसले होते. दुसऱ्या दिवशी पेपर. किती वेळा केलं, तरी आपलं परत तेच. रडायच्या बेतात होते बघ. तेवढ्यात फोन वाजला, ‘लगेच ये’ म्हणाले, आणि मला इतका आनंद झाला! त्यातला तुझा किती आणि पेपर टळल्याचा किती, ते मला आजही सांगता यायचं नाही. पळाले रे मी. तुझं आयतं निमित्त मिळालं."

"मग नंतर का नाही बसलीस परीक्षेला?"

"नंतर सगळे मला त्यागमूर्ती म्हणायला लागले. मूर्तीला कोणी परीक्षेला बसवतं का? आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं."

खरं तर सरांना राग यायला हवा होता. पण पोटातून हसूच फुटलं, इतकं की टेबलावरचा चहा हिंदकळला. "म्हणजे मी एवढी वर्षं उगीचच मान खाली घालून जेवलो?"

"उगीचच. लंगोट मात्र मीच बदललेत हां. ते मार्क माझे."

सरांनी लाल पेन उघडलं. तीनचा एक झाला, नऊचे सात झाले. "उद्या फळ्यावर या तुम्ही," ते म्हणाले.

"येते, सर," मावशी म्हणाली. ती ताठ मानेने बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी मावशीने खडू हातात घेतला तेव्हा वर्ग चिडीचूप होता. रेडिओसुद्धा बंद. एकदा बाय पार्ट्स झालं, दुसऱ्यांदा झालं, आणि उजवीकडे पुन्हा तेच इंटिग्रल हजर, मागे वजाचं चिन्ह घेऊन. मावशीचा हात सवयीने डस्टरकडे गेला. फळ्याखालच्या पट्टीवर डस्टर नव्हतं. ते सरांच्या मांडीवर होतं.

"सर, डस्टर?"

"पुसायचं नाही. आहे ते नीट बघा."

मावशीने चष्मा काढला, ओढणीला पुसला, परत चढवला. बघता बघता तिचा खडू उजवीकडून डावीकडे सरकला. "हे आणि ते एकच आहे... मग हे तिकडे नेलं तर वजाचं अधिक होईल. दोनदा तेच. दोनदा तेच म्हणजे एवढं, तर एकदा म्हणजे..." तिने भराभर लिहिलं, दोनने भागलं, आणि गर्रकन वळली. "अगं बाई! हे परत येतं म्हणूनच सुटतं! चिमण, एवढी वर्षं मी हेच पुसत बसले?"

"चिमण!" मागच्या बाकांवरून आनंदाचा चीत्कार उठला. सरांचे कान लाल झाले. पण आता लपवायला राहिलं होतं काय?

"उत्तर बरोबर," ते उठून म्हणाले. "पण शेवटी अधिक सी कुठाय? स्थिरांक विसरलीस. अर्धा मार्क कापला, मावशी."

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात मावशीनेच वाजवल्या.

त्या दिवशी सर घरी जेवायला बसले असताना आईचा फोन वाजला. ‘हो का, हो का’ करता करता आईचा चेहरा बदलला. "चिमण, मावशीचा अर्धा मार्क कापलास तू? लाज नाही वाटली? जिने तुझ्यासाठी..."

"ए, पुरे गं!" फोनमधून मावशीचा आवाज ताटापर्यंत ऐकू आला. "मला साडेनऊ मिळालेत. आणि ते सगळे माझे आहेत!"

सरांनी मोठा घास घेतला. तो सरळ खाली उतरला.