उलटं टांगलेलं नाव

मी एक कापडी फलक आहे, चार माणसांनी धरावा एवढा लांब. माझ्यावर एकच नाव रंगवलंय : उराकावा. धुऊन, इस्त्री करून ठेवलंय मला, तरी माझी लाज काही गेलेली नाही.

शिओहामा गावात मित्सुएताईंचं गाद्यांचं दुकान आहे. तिथल्याच पांढऱ्या ताग्यातून मला कापलं. सतरा वर्षांचा रेइजी उराकावा गावच्या फुटबॉल संघात आला, पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला आणि दुसऱ्या दिवशी ताईंनी दुकान बंद ठेवून मला रंगवलं.

पुढे कित्येक वर्षं गोल झाला की तो धावत माझ्याकडेच यायचा. गावातली पोरं सलूनमध्ये जाऊन त्याच्यासारखे केस कापून घ्यायची. मासळीवाली त्याला हाका मारमारून बांगडे द्यायची. माझी मान ताठ असायची.

मग तो गेला. गेला तो नेमका खाडीपलीकडच्या संघात, आमच्या जन्माच्या वैऱ्यांकडे.

त्यांचा पोशाख घालून तो आमच्या मैदानात उतरला, त्या दिवशी ढोलवाल्या गेन्ताने मला कठड्यावर उलटं धरलं. खाली डोकं, वर पाय.

"घट्ट बांध," मित्सुएताई म्हणाल्या. "दिसू दे त्याला." शेवटची गाठ त्यांनीच मारली. मला वाटलं, फाटून जावं.

मध्यंतराला एक म्हातारी पायऱ्या उतरून आली. हातात संत्र्यांची पिशवी.

"मी रेइजीची आई. बेटावरून आलेय. तो गेला तरी त्याचं नाव ठेवलंत तुम्ही, फार बरं वाटलं. घाईत उलटं लागलंय तेवढं."

गेन्ताने ढोलाच्या काठ्या पाठीमागे लपवल्या. म्हातारी वाकून गाठ सोडू लागली. बोटं संधिवाताने वाकडी झालेली, गाठ सुटता सुटेना.

"राहू द्या आई, मी करते," मित्सुएताई कशाबशा म्हणाल्या. त्यांच्या हातांचा घाम माझ्या कापडात उतरला.

सामना संपल्यावर जुन्या संघाच्या चाहत्यांना वाकून नमस्कार करायचा रिवाज आहे, त्याप्रमाणे रेइजी आमच्यासमोर आला. शिव्या खायच्या तयारीनेच आला असावा. पाहतो तर त्याचं नाव सरळ, आणि एक टोक आईच्या हातात. तो कमरेत वाकला आणि बराच वेळ उठलाच नाही. आमच्यातल्या कुणी टाळी वाजवली नाही, कुणी हुर्योही केली नाही. सगळे आपापल्या पायांकडे बघत होते.

निघताना म्हातारीने संत्री मित्सुएताईंच्या हाती दिली आणि हळूच म्हणाली, "मला कळलं होतं हो. न सांगता घर सोडून गेला ना तो, तेव्हा मीही त्याचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. नंतर मलाच राहवेना."

आता मी दुकानाच्या कपाटात असतो. "येत्या सामन्याला न्यायचा का?" गेन्ता विचारतो. ताई माझी घडी पुन्हा नीट करून कपाट लावून घेतात.

न्यायचं तर न्या मला, नाहीतर मला कापून गाद्यांच्या खोळी शिवा. पण त्या म्हातारीला पुन्हा माझी गाठ सोडायला लावू नका.