चारशे बारा दीर्घिका आणि सत्तर मेंढरं

मिरजेच्या डोळ्यांच्या दवाखान्यात सकाळी साडेआठपासून मी एकाच बाकावर बसले होते. बसले कुठं होते म्हणा, दर दहा मिनिटांनी उठत होते. लॅपटॉप उघडायचा, दोनशे सत्त्याऐंशीवी ओळ बघायची, लॅपटॉप मिटायचा. पाणी प्यायला जायचं, परत यायचं, परत तीच ओळ. शेवटी पलीकडची बाई वैतागली. "आवं ताई, एका जागी बसा की. बाकडं हलतंय कवाधरनं."

मधे आप्पा बसलेले. आप्पा म्हणजे माझे वडील, आप्पासो. वय सदुसष्ट, माण तालुक्यातले मेंढपाळ. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं कालच ऑपरेशन झालेलं, त्यावर पट्टी. डाव्यातही मोतीबिंदू पिकलेला, त्याची पाळी पुढच्या महिन्यात. अकरा वाजता पट्टी काढणार होते आणि तोवर त्यांचीही चुळबुळ माझ्याइतकीच चालली होती.

"सोने, धनाजीला फोन लाव."

"आत्ताच लावला हुता की आप्पा."

"परत लाव. किती हायत इचार."

धनाजी माझा धाकटा भाऊ. मेंढरं त्याच्या हवाली करून आम्ही आलो होतो. तो फोनवर बोंबलला, "सत्तर हायत! सकाळपास्नं चौथ्यांदा सांगतोय. मेंढरं राखू का तुमास्नी मोजून दाखवू?"

"सत्तर," मी आप्पांना सांगितलं. त्यांनी नुसता हुंकार भरला. समाधान काही झालेलं दिसलं नाही.

मी काय काम करते हे आमच्या गावात कुणालाच धड सांगता येत नाही. आई रंगुबाई सांगते, "आमची सोनी चांदण्यांच्या हापिसात हाय." त्यातल्या त्यात तेच बरं. पुण्यातल्या एका संस्थेत मी दीर्घिकांवर काम करते. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे अफाट समूह. त्यातल्या काहींत इतकी धूळ भरलेली असते की साध्या दुर्बिणीतून त्या मरतुकड्या दिसतात. आत मात्र नवे तारे धडाधड जन्मत असतात. त्यांनी ती धूळ तापते आणि अवरक्त किरणांत, म्हणजे आपल्या डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडात, झगझगते. चुलीतल्या राखेखाली विस्तव असतो ना, तसं.

आख्ख्या आकाशातल्या अशा सगळ्यांत तेजस्वी दीर्घिकांची यादी आमचा गट नव्यानं करत होता. एक जुनी यादी होती, चाळीस वर्षांपूर्वीच्या एका उपग्रहानं दिलेली. पण त्याची नजर अधू. शेजारशेजारच्या दोन दीर्घिका त्याला एकात एक मिसळून दिसायच्या, जागाही इकडची तिकडं व्हायची. आमच्याकडं नवी स्वच्छ चित्रं होती. जुन्या यादीतली प्रत्येक दीर्घिका नव्या चित्रात हुडकायची, तिचं तेज पुन्हा मोजायचं. ठरलेल्या तेजाच्या वरची एकसुद्धा सुटता कामा नये, सगळी मेख तिथंच. एक जरी सुटली तरी मग ती आख्ख्या आकाशाची पाहणी राहत नाही.

एकूण चारशे बारा. जुळणीचा प्रोग्राम मी लिहिला होता आणि त्यानंतर एकेक चित्र डोळ्यांनी तपासायचं कामही माझ्याच गळ्यात होतं. आज संध्याकाळी पाच वाजता आमच्या प्रियदर्शनी मॅडम तो शोधनिबंध पाठवणार होत्या. त्यावर पहिलं नाव माझं, सहा वर्षं घासल्यावर पहिल्यांदा. बुधवारी मॅडमनी विचारलं, "सगळ्या डोळ्यांनी बघितल्यास ना सोनिया?" मी म्हणाले, "हो मॅडम. सगळ्या."

बघितल्या होत्या दोनशे ऐंशी. एकशे बत्तीस राहिल्या होत्या.

आता का राहिल्या? एक तर आईनं फोनवरून आकाशपाताळ एक केलं. "आप्पाला घिऊन मिरजंला जा, आत्ताच्या आत्ता. न्हाईतर मी मेल्यावरच ये गावाला." आणि दुसरं म्हणजे कंटाळा. होय, कंटाळाच! दोनशे ऐंशी चित्रं बघितल्यावर डोळ्यांपुढं नुसते पुंजके नाचायला लागतात. प्रोग्राम सांगत होता, जुन्या चारशे बारा, नव्या चारशे बारा. आकडा जुळतोय, मग उगाच कशाला डोळे फोडा, असं म्हणून मी यादी पाठवून दिली आणि गावाकडची, दहिवडीची गाडी धरली.

मग परवा मिरजेला येताना एसटीत सहज यादी चाळली. दोनशे सत्त्याऐंशी आणि दोनशे अठ्ठ्याऐंशी. नावं वेगळी, जागा किंचित वेगळ्या, पण तेज तिसऱ्या दशांशापर्यंत सारखं. योगायोग असेल. असतो कधीकधी. तेव्हापासून त्या दोन ओळी काही केल्या डोक्यातून जात नव्हत्या. आणि चित्र उघडून बघायचा धीरही होत नव्हता. खोटं कशाला बोलू?

"त्या डब्यात काय हाय एवढं?" आप्पांनी विचारलं. त्यांना दिसत नव्हतं, पण लॅपटॉप उघडल्या-मिटल्याचा आवाज ऐकू येत होता.

"दीर्घिका हायत आप्पा. चारशे बारा."

"मग वळखतीस का समद्या?"

मी उसळलेच. "वळखायला मेंढरं हायत व्हय ती? आकडा भरला म्हंजी झालं!"

शेजारच्या बाईनं माझ्याकडं असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. आप्पांनी खांद्यावरचं घोंगडं उगाच सारखं केलं.

त्यांचा प्रश्न साधा होता. लहानपणापासून मी बघत आले होते. संध्याकाळी मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात घालताना आप्पा तोंडाशी उभे राहायचे आणि एकेक आत जाताना पुटपुटायचे, "ही आली. ही आली. ही बी आली." आकडा कधीच म्हणायचे नाहीत. शेवटची आत गेली की एकदम सांगायचे, "कापऱ्या कानाची न्हाई आली," आणि बॅटरी घेऊन उलट पावली निघायचे. शाळेत जायला लागल्यावर मी एकदा शहाणपणानं एक-दोन-तीन करत मोजून दाखवली, तर म्हणाले, "मोजायचं काम खाटकाचं. आपुन वळखायचं. परक्याचं एक आत आलं आन आपलं एक भाईर ऱ्हायलं, तरी तुझा आकडा भरतोयच की."

मागच्या दिवाळीला घरी गेले तेव्हा मात्र आप्पा चक्क मोजत होते. एक ईस, दोन ईस, तीन ईस आन धा. मी आईला हसून म्हणाले, "आप्पा सुधारले की गं!" आई हसली नव्हती. तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही.

अकराचे बारा झाले तेव्हा कुठं सिस्टरनी हाक मारली. पट्टी निघाली. आप्पांनी डोळा मिचकावला, पाणी पुसलं, आणि आधी माझ्याकडं न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. मग माझ्याकडं वळले. "आगं, केस पिकलं की तुझं."

"दोनच हायत आप्पा."

"सात-आठ हायत." आणि असे खुदुखुदु हसले की सिस्टरसुद्धा हसायला लागल्या. मलाही भरून आलं. पाच वाजायचेत हे दोन मिनिटं का होईना, विसरले मी.

बाहेर येऊन बाकावर टेकतोय न टेकतोय तोच, "धनाजीला फोन लाव. तसला, दिसणारा."

"डॉक्टर म्हणले न्हवं, डोळ्याला ताण नगं?"

"ताण कसला आलाय त्यात? माझीच मेंढरं हायत."

लावला. दुपारची वेळ, मेंढरं बाभळीच्या सावलीला बसलेली. आप्पांनी काळा चष्मा कपाळावर सारला, फोन हातभर लांब धरला आणि धनाजीला हुकूम सोडला, "तोंडं दाव. एकेकीचं तोंड दाव."

धनाजी का कू करायला लागला. "आप्पा, घरी आल्यावर बगा की."

"दाव म्हणतो न्हवं?"

तो फोन घेऊन मेंढरांतून फिरायला लागला आणि आप्पा सुरू झाले. "ही आली. ही काळ्या तोंडाची, आली. कापऱ्या कानाची, आली. आगं बाई, म्हातारी झालीस की तू." आवाजात इतका लाड, की आम्हा दोघा भावंडांशीसुद्धा ते कधी असे बोलले नसतील. मी एकीकडं लॅपटॉप उघडून बसले. साडेबारा. साडेचार तास राहिले होते.

"थांब. ही कोण?"

धनाजीनं फोन पटकन दुसरीकडं वळवला.

"धनाजी, ही आपली न्हवं. आन टिकली कुठं हाय?"

टिकली म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेली मेंढी. जन्मताच तिची आई गेली. शेळीच्या दुधावर आमच्या आईनं तिला वाढवली होती. आप्पांची हाक ऐकली की कळपातून वाट काढत यायची आणि घोंगड्याचा काठ चघळत उभी राहायची.

"टिकली कुठं हाय रं?"

"आप्पा," धनाजीचा आवाज पडला होता, "टिकली दसऱ्यापास्नं न्हाई. औंधच्या माळावर दोन-तीन कळप एकात एक घुसलं हुतं, ध्यानात हाय का? तवाच चुकली. ही दुसरी तवाच आपल्यात आली. मी सगळ्यास्नी इचारलं, कुणी आपली म्हणंना. टिकलीला बी लय हुडकली. पर मला कळलं तवा चार दिस उलटलं हुतं."

"आन मला सांगितलं न्हाईस?"

"आई म्हणली, नगं सांगूस. तेंच्या जिवाला लागंल. तुमी रोज मोजताय, सत्तर भरतंय, म्हणून गप ऱ्हायलो."

आप्पांनी फोन माझ्या हातात दिला. चष्मा डोळ्यावर ओढला आणि समोरच्या भिंतीकडं तोंड करून बसले. चष्म्याखालून पाणी यायला लागलं. मी घाबरले. "आप्पा, डोळ्याला बरं न्हवं ते. रडू नगा."

"त्याच सांजंला कळलं असतं तर माघारी गेलो असतो," ते म्हणाले. "हाक मारली असती तर आली असती. माझ्या हाकंला आली असती गं ती. चार दिस तिथं वाट बघितली असंल तिनं."

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "तुमचा काय दोष आप्पा? आकडा तर भरत हुता."

त्यांनी मान हलवली. "तोंडंच दिसत न्हवती. नुसती धुक्यागत मेंढरं. लोकास्नी कळू नये म्हणून मोजत हुतो, नाव घिऊन हाक मारायचं बी सोडलं हुतं. सत्तर म्हणलं की कोण इचारत न्हाई."

सत्तर म्हटलं की कोण विचारत नाही. चारशे बारा म्हटल्यावर मॅडमनी तरी पुढं कुठं विचारलं होतं?

मी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि दोनशे सत्त्याऐंशीचं चित्र उघडलं. उघडायला पाच सेकंद लागले असतील, तेवढ्यात मी देवीला नवससुद्धा बोलले, योगायोग असू दे म्हणून. औंधच्या यमाईला एवढ्यासाठी साकडं घालायचं म्हणजे कमालच झाली! चित्र उघडलं. दोन दीर्घिका होत्या, अगदी शेजारी शेजारी. प्रोग्रामनं जुन्या यादीतली दोन्ही नावं त्यातल्या एकीलाच चिकटवली होती. दुसरी तिथंच बाजूला लख्ख पेटलेली, आमच्या मर्यादेच्या कितीतरी वर, आणि यादीत तिचा पत्ताच नव्हता. एक दोनदा आली होती, एक बाहेर राहिली होती, आणि आकडा मात्र भरत होता. उरलेल्या एकशे तीसमध्ये असं आणखी कुठं कुठं झालंय हे तर देवालाच ठाऊक.

"आप्पा," मी म्हणाले, "माझी बी एक चुकलीया." आणि सगळं सांगून टाकलं. बघितल्या नव्हत्या, बघितल्या म्हणून सांगितलं, पाचला निबंध जाणार, पहिलं नाव माझं, आता सांगितलं तर ते जाणार, नाही सांगितलं तर वर्षभर कुणाला कळणारही नाही. बोलता बोलता मीच रडायला लागले. शेजारची बाई उठून दुसऱ्या बाकावर गेली.

आप्पांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग चष्मा वर करून माझ्याकडं बघितलं. नवा डोळा लाल झाला होता.

"मला दिसत न्हवतं म्हणून मी मोजत हुतो," ते म्हणाले. "तुला तर दिसतंय की गं."

रागावून बोलले असते तर परवडलं असतं.

चष्मा खाली घेत त्यांनी विचारलं, "तुझी ती लांब गेली का कुठं?"

"न्हाई. जागेवरच हाय."

"मग बरं हाय की."

मी उठून जिन्यापाशी गेले आणि मॅडमना फोन लावला. "मॅडम, चारशे बारा भरतात. पण मी सगळ्या बघितलेल्या नाहीत. एकशे बत्तीस राहिल्यात. मी खोटं बोलले तुमच्याशी. आणि एक चुकलेली आत्ता सापडली."

पलीकडं मॅडमनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"किती दिवस लागतील?" मॅडमनी विचारलं.

"तीन."

"पाठवणं थांबवते. तीन दिवसांनी मला चित्रं हवीत, आकडा नको. आणि सोनिया, पहिल्या नावाचं मी आत्ता काही बोलत नाही." त्यांनी फोन ठेवला.

बाकावर परत आले तेव्हा आप्पांनी घोंगडं काढून माझ्या जागेवर अंथरून ठेवलं होतं. दहिवडीची गाडी सहाची होती. मी लॅपटॉप उघडला आणि राहिलेल्यांत नको, अगदी पहिल्यापासूनच सुरुवात करायची ठरवली. पहिलं चित्र आलं. मी सवयीनं "एक" म्हणणार होते, तर आप्पा वाकून बघत होते.

"ही आली," मी म्हणाले.

आप्पांनी मान डोलावली. "म्होरची दाव."