मास्तर चटईखाली बसले

माउगातोआ, म्हणजे आमच्या बेटाचे जुने पंतप्रधान, वारले त्याला वीस वर्षं झाली, पण फालानिको मास्तरांच्या वर्गात ते रोज हजर असत. कुणी पेन्सिल ढापली, की माउगातोआंनी कधी पेन्सिल ढापली होती का, हा प्रश्न निघे. कुणाला जांभई आली, की माउगातोआ तोंड मिटून जांभई देत, अशी माहिती मिळे. डुकराची गोष्ट तर पोरांना तोंडपाठ होती. त्यांच्या गाडीखाली एका गरिबाचं डुक्कर मेलं, तेव्हा एवढा मोठा माणूस घराण्याची उंची चटई डोक्यावरून पांघरून त्या घरासमोर बसला आणि मालकाने माफ करून चटई उचलेपर्यंत हलला नाही.

त्यामुळे सोमवारी संध्याकाळी पेलेनतेतेबाईंच्या घरासमोर शाळेची गाडी मागे घेताना बाईंचं डुक्कर चाकाखाली आलं, तेव्हा पुढे काय करायचं ते मास्तरांना ठाऊक होतं. पण आधी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. म्हणून त्यांनी डुक्कर झुडपात ओढलं. मग घरी येऊन भिंतीवरच्या माउगातोआंकडे पाहिलं, आणि जेवण गेलं नाही.

मंगळवारी उजाडता उजाडता ते चटई पांघरून पेलेनतेतेबाईंच्या अंगणात बसले.

आता आमच्याकडे असं चटईखाली बसतात ते माणूस मारल्यावर. डुकरासाठी कुणी बसल्याचं मास्तरांचा वर्ग सोडून कुठेच ऐकिवात नव्हतं. गावाने चटई पाहिली आणि घरोघर माणसं मोजायला घेतली. सगळी भरली. फक्त पेलेनतेतेबाईंचा भाऊ इओसेफो भरेना.

बाईंनी पायरीवर बसून हंबरडा फोडला. भाचा ताविता कोयता घेऊन आला.

"मास्तर, मामाला कुठे टाकलंत?"

चटई गप्प. माउगातोआ चटईखाली बोलले नव्हते.

"बघा, कबूल करतोय!" मागून कुणी म्हणालं. पाद्रीबुवांनी प्रार्थना सुरू केली. शाळेची पोरं गणवेशात ओळीने उभी राहिली, कारण मास्तर दिसले की ओळीत उभं राहायची सवय होती.

प्रार्थनेच्या दुसऱ्या कडव्याला इओसेफो माशांची माळ घेऊन समुद्रावरून आला. टोपी काढून त्याने चार ओळी सगळ्यांबरोबर म्हटल्या. मग हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"तू," ताविता म्हणाला.

"कधी?"

"रात्री. मास्तरांनी मारलं."

इओसेफोने विचार केला. "भांडण तर नव्हतं आमचं."

बाईंनी डोळे पुसले, भावाला एक चापट मारली आणि चटईकडे वळल्या. "मग हा कशासाठी बसलाय?"

चटईखालून एक हात निघाला आणि त्याने झुडपाकडे बोट दाखवलं. ताविताने डुक्कर ओढत आणलं.

"डुकरासाठी?" बाई ओरडल्या. "उद्या कोंबडीसाठी याल!"

"माउगातोआसुद्धा बसले होते," चटई म्हणाली.

"कुणी सांगितलं? ते डुक्कर माझ्या बापाचं. आठ वर्षांची होते मी, दारातच होते. ते गाडीतून उतरले, बापाच्या डोळ्यांत बघून म्हणाले, 'चूक माझी, माझं रस्त्याकडे लक्ष नव्हतं.' झालं. कसली चटई नि कसलं काय! मग डुक्कर भाजलं, आणि त्यांनी तीनदा मागून घेतलं."

"मग चटई...?"

"तुमच्या आधीच्या मास्तरांनी घातली असेल. गोष्टीत बरी दिसते."

चटईखाली अंधार होता, ऊब होती, आणि कुणाचेही डोळे दिसत नव्हते. पहाटेपासून इथे इतकं सोपं का वाटत होतं, ते मास्तरांना आत्ता कळलं.

बाईंनी चटईचा काठ धरला. आतून मास्तरांनीही धरला.

"सोडा, मास्तर."

"जरा थांबा."

"अहो, माफ करतेय मी!"

"तेच नको," मास्तर म्हणाले आणि त्यांनी चटई स्वतःच काढली. अशी चटई आपल्या हाताने कुणी काढत नाही. पाद्रीबुवांनी डोळे मिटून घेतले. मास्तरांचे केस उभे राहिले होते, गालावर चटईची वीण उमटली होती. समोर अख्खा वर्ग होता. त्यांनी बाईंच्या डोळ्यांत पाहिलं.

"बाई, चूक माझी. मागे न बघता गाडी घेतली. नंतर डुक्कर लपवलं."

"माउगातोआंनी लपवलं नव्हतं," पहिल्या रांगेतली मुलगी म्हणाली.

"नव्हतं," मास्तर म्हणाले. "मी लपवलं. घाबरलो होतो."

पोरं त्यांच्याकडे बघत राहिली. अशी माहिती वर्गात कधी मिळाली नव्हती.

बाईंनी डुकराभोवतीच्या माशा हाकलल्या. "काल संध्याकाळीच सांगितलं असतंत, तर अख्ख्या गावाने खाल्लं असतं," त्या म्हणाल्या. एवढंच बोलल्या, पण मास्तरांना ते कोयत्याहून जास्त लागलं.

मग इओसेफोने मासळीची माळ आणि सुरी त्यांच्या हातात दिली. "खवले काढा, मास्तर. सगळी कामं मेलेल्या माणसानेच करायची का?"