निरोपाचं भाषण

आमच्या ह्यांना नको तिथे गोड बोलायची खोड आहे. कृष्णरावांना कुठे जेवायला बोलवा, भाजी खारट असली तरी दुसऱ्यांदा मागून घेतील. मी धारची, तोंडाने फटकळ. पण त्यांची ही खोड एवढी महागात पडेल असं मलाही वाटलं नव्हतं.

देवासच्या कारखान्यात ते बावीस वर्षं जळालेल्या विजेच्या मोटारींना नवी तार भरत होते. यंदा कंपनीने ते काम इंदूरला बाहेर द्यायचं ठरवलं आणि विभागच बंद केला. कंपनी असा माणूस काढते तेव्हा ग्रॅच्युइटीशिवाय छाटणीची भरपाईही द्यावी लागते, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. त्यावर आमचं सगळं ठरलं होतं. जवळच्या बागली गावात एक गाळा बघून ठेवला होता. तिथे शेतकऱ्यांचे पंप दुरुस्त करायचे आणि पुन्हा कुणाची चाकरी करायची नाही.

शेवटच्या दिवशी सत्कार झाला. हार, शाल, श्रीफळ. माई, म्हणजे माझ्या सासूबाई, नऊवारी नेसून पहिल्या रांगेत बसल्या. आता शाल अंगावर घेऊन आपल्याकडे कुणी गाऱ्हाणं सांगतं का? हे उभे राहिले आणि म्हणाले की मी राजीखुशीने निरोप घेतो, मला सगळं मिळालं, कंपनीकडे माझं काही मागणं नाही. हे जरा जास्तच झालं, असं मला तेव्हाच वाटलं. तरी टाळ्या मीही वाजवल्या.

पुढे कंपनीने कळवलं की भरपाई कसली, कृष्णराव तर आपण होऊन गेले. राजीनाम्याचा कागद त्यांच्याकडे नव्हता, पण भाषणाचा व्हिडिओ होता.

आम्ही लेबर ऑफिसात अर्ज केला, तारीख लागली. कंपनीकडून एचआरचा पीयूष आला. तिशीतला पोरगा, दर दिवाळीला आमच्याकडे फराळाला येणारा. त्या दिवशी ह्यांच्याकडे बघेना. त्याने फोनवर ह्यांच्या भाषणाचा तुकडा लावला. तिथल्या अधिकारी मॅडमनी विचारलं, हे तुम्हीच बोललात ना? हे हो म्हणाले. मग ते खोटं होतं का? खोटं म्हणायचं तर भर सभेत बोललेला शब्द फिरवायचा, खरं म्हणायचं तर बागलीचं दुकान गेलं. ते खाली मान घालून बसून राहिले. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं.

"मॅडम," मी म्हणाले, "हमारे में शाल ओढ़के कोई शिकायत नहीं करता. बस रस्म है. पण व्हिडिओ शुरू से लगाओ ना."

पीयूषकडे तेवढाच तुकडा होता. माझ्याकडे पूर्ण होता, कारखान्यातल्या दीपेशने पाठवलेला. लेकाचं कौतुक ऐकायला माई तो रोज लावायला सांगतात, त्यामुळे घरात सगळ्यांना पाठ आहे. मी फोन टेबलावर ठेवला. आधी हार घातले गेले, मग ह्यांच्या आधी बोलायला पीयूष उभा राहिला. "कृष्णराव जी जाना नहीं चाहते थे. विभाग हमने बंद किया है, भेज हम रहे हैं."

मॅडमनी फोन बंद केला आणि त्याच्याकडे पाहिलं. "ये भी रस्म थी?"

तो हो म्हणाला असता तर संपलंच होतं. अशा वेळी असंच बोलतात, हे तर मीच आत्ता सांगितलं होतं. डोक्यावर कंपनीचे साहेब बसलेले, घरी लहान मूल, हो म्हणायला त्याचं काय जात होतं?

पीयूषने पहिल्यांदा ह्यांच्याकडे पाहिलं. "नहीं मॅडम," तो म्हणाला, "मैंने सच कहा था."

ही छाटणीच आहे, भरपाई द्यावी लागेल, असं मॅडमनी लिहायला घेतलं. पीयूष सही करून आमच्याआधीच निघून गेला. आम्ही जिना उतरत होतो. मला वाटलं, आता हे बागलीचं काहीतरी बोलतील.

"अंजू, त्याला आता ठेवणार नाहीत गं," हे म्हणाले. "त्याचा सत्कार केला तर आपण जाऊ."

"जाऊ," मी म्हणाले. "पण भाषण मी करीन."