माझ्या विणीतला पांढरा केस

मी बिलुम बोलतेय. बिलुम म्हणजे झोळी. सिंबू नावाच्या आमच्या डोंगरी मुलखात बाई घराबाहेर पडली, की मी तिच्या कपाळाला अडकवलेली आणि पाठीवर लोंबणारी असते. माझ्यात कधी रताळी, कधी सरपण, कधी बाळ. आता झोळी ती काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटतं. पण त्या दिवशी जे झालं ते माझ्यावरून झालं, तेव्हा गप्प बसणंही बरं नव्हे.

मला केरेंगाआज्जीनं केलं. सालीचे तंतू घ्यायचे, उघड्या मांडीला राख लावून त्यावर तळहातानं वळायचे आणि त्या दोराचे फासे गुंफत जायचे. वळताना मांडीवरची लव दोरात जाते, खाली घातलेल्या डोक्यावरचा एखादा केसही जातो. बाईचा केस नाही अशी झोळी आमच्या डोंगरात शोधून सापडायची नाही. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"आज्जी, निम्मी तूच विणली गेलीस की हिच्यात," शेजारची रोसविता हसून म्हणाली होती. तिला तेव्हा आठवा लागला होता.

"बरंय की! मेले तरी तुझ्या पाठीला चिकटून राहीन. मग कामात आळस करून बघ."

केरेंगा पलीकडच्या खोऱ्यातून लग्न होऊन आलेली. नवरा गेलेला, मुलगा नाही, भाऊबंद लांब. तिनं मला रोसविताला दिलं आणि जोनास जन्मला तो माझ्यातच निजू लागला. रोसविता दहावीपर्यंत शिकलेली. पण पोर शांत झोपलं की हिचाच जीव वर-खाली. श्वास चालू आहे का बघायला ती त्याला हळूच चिमटा काढायची. पोर रडलं की हिला बरं वाटायचं. मग स्वतःलाच म्हणायची, "शाळेत काय शिकलीस गं बाई?"

त्या वर्षी कॉफी तोडणीच्या दिवसांत तिच्या थोरल्या दिराची, काउपाची, सहा वर्षांची मुलगी छाती भरून वारली. काउपा येईल त्याला एकच विचारायचा, "खोकला गावात सगळ्यांनाच होता. मग माझीच मुलगी का?" याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. आणि उत्तर नसलं की माणसं गप्प बसत नाहीत, कुणाचं तरी नाव शोधतात.

महिन्याभरानं जोनास खोकू लागला. त्याच्या अंगाचा चटका मला विणीतून लागत होता. सकाळी रोसवितानं मला झटकलं, तेव्हा तळाशी एक लांब पांढरा केस तिला दिसला. ओढला, तो येईना. दोरातच वळलेला तो, येणार कसा? तो केस तिनं याआधी शंभरदा पाहिला असेल. पण त्या सकाळी पोराची छाती भात्यासारखी हलत होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत तो केस बदलला. मी होते तीच होते, केसही होता तोच. बदललं काय ते मला अजून नीटसं सांगता येत नाही.

"अहो, हे बघा ना," ती नवऱ्याला, वामिलला म्हणाली. "काही नसेल म्हणा. उगाच आपलं."

वामिलनं मला काउपाकडे नेलं.

उन्हं अंगणात येईपर्यंत आठ-दहा पुरुष कोयते घेऊन केरेंगाच्या दारात उभे होते. मी काउपाच्या हातात होते, आणि मागोमाग रोसविताही पोराला घेऊन धावत आली होती. ती दोर वळत बसली होती. काउपानं तिला केसांना धरून फरफटत आणलं आणि झाडाला बांधलं. कुणीतरी तिच्या झोपडीला आग लावली. आत बांधलेलं डुक्कर किंचाळत राहिलं, मग थांबलं.

"चेटकिणी, पोराचं काळीज कुठं लपवलंस?" चेटकीण माणसाचं काळीज चोरते आणि माणूस झुरून मरतो, असं आमच्याकडे मानतात.

"अरे काउपा, तुझ्या बापाची झोळीपण मीच विणली होती! म्हातारा चांगला ऐंशी वर्षं जगला, तुम्हाला नको होईस्तोवर!"

एकजण फिस्सकन हसला. ते हसू काउपाला झोंबलं. त्यानं कोयत्याच्या मुठीनं तिचे पुढचे दात पाडले. मग तिच्याच जळत्या घरात लोखंडी सळई तापवली आणि तिच्या मांडीवर टेकवली. जिथं मी वळली गेले, त्याच मांडीवर.

ती ओरडली, तर म्हणाले, "ऐका, आतलं भूत ओरडतंय." शुद्ध हरपून गप्प झाली, तर म्हणाले, "बघा, दुखतसुद्धा नाही तिला." पाणी मागितलं, तर म्हणाले, "आग विझवायला मागतेय." काहीही केलं तरी ती चेटकीणच ठरत होती. जळत्या मांसाचा वास माझ्या प्रत्येक फाशात शिरला.

खरं सांगते, मलाही शंका आली. इतके जण म्हणतायत, तर असेलही. ते पोर नऊ महिने माझ्यात निजलं होतं. मीच रात्रंदिवस त्याचा श्वास ओढून घेत नसेन ना? झोळीला स्वतःच्या आत काय आहे ते कुठं दिसतं?

काउपानं कोयत्यानं मला मधोमध फाडलं आणि रोसविताच्या पायांपाशी फेकलं. सळई पुन्हा आगीत गेली.

रोसविता खाली वाकली. माझं फाटलेलं तोंड तिनं हातात धरलं, केस बघितला, केरेंगाची मांडी बघितली. मग जोनासला कडेवर सावरून ती सरळ काउपासमोर गेली आणि त्याच्याच खांद्यावरची झोळी तिनं ओढून घेतली.

"भाऊजी, ही कुणी केली?"

"आईनं. सोड ती!"

तिनं तळाशी बोटं घातली आणि दोर उसवून एक पांढरा केस बाहेर काढला. "हा कुणाचा? मग सासूबाईपण चेटकीण? चला, तापवा सळई, थडगं जवळच आहे."

"शाळावाली बाई, मध्ये पडू नकोस."

"मध्ये नाही, आधीच पडलेय मी. केस मी दाखवला. मला अक्कल असून दाखवला. कुणाला बांधायचं असेल तर मला बांधा."

एकेका पुरुषाचा हात आपापल्या झोळीत गेला. कुणाला आईचा केस सापडला, कुणाला बायकोचा. कुणी कुणाकडे बघेना. सळई थंड होत गेली.

"मग माझी मुलगी कुणी मारली?" काउपा म्हणाला आणि मातीत बसून ओक्साबोक्शी रडला.

वामिलनं दोर कापले. मिळेल त्या गाडीत घालून म्हातारीला आणि पोराला दवाखान्यात नेलं. जोनासला न्यूमोनिया होता. सुया टोचल्या, सहा दिवसांत पोर खेळू लागलं. रोसविताला वाटलं, आता तरी सगळ्यांना कळेल.

काउपा बघायला आला. पोराच्या गालाला हात लावून म्हणाला, "बघितलंस? म्हातारीला चटका बसला आणि पोर सुटलं."

"दादा, इंजेक्शननं..." वामिल चाचरला.

"इंजेक्शन माझ्या पोरीलाही दिलं होतं."



केरेंगा गावात परतली नाही. ती शहरात चर्चच्या नन्सच्या आश्रयाला असते. रोसविता मला सांधायला तिच्याकडे घेऊन गेली, पण ती म्हणाली, "मांडी कुठं उरलीय पोरी? आता तूच वळ." मग दात पडलेल्या तोंडानं हसली. "आणि केस जपून घाल हो."

रोसविता घरी आली आणि भर अंगणात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, मांडी उघडी टाकून दोर वळायला बसली.

"आत बसून वळ की," वामिल म्हणाला.

"का? केस दिसतील म्हणून?"

आता माझ्या पोटावर एक आडवी सांधणी आहे. तिच्या खाली पांढरा केस आहे आणि सांधणीत काळे. काळे कुणाचे ते अख्ख्या गावानं पाहिलंय.

कालपासून जोनास पुन्हा खोकतोय. आज सकाळी काउपा आमच्या दारावरून गेला. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग पोराकडे.

रोसवितानं मला कपाळाला अडकवलंय. पोर माझ्यात आहे, त्याचा श्वास मला लागतोय, आणि आम्ही दवाखान्याची चढण चढतोय.  बाबांनो, माझ्यात केस आहेत, मी कधीच नाही म्हटलं नाही. फक्त माझ्यात हात घालण्याआधी एकदा त्या पोराच्या छातीला कान लावा.