नौकाविहीर, उजवीकडे

मी बोलतेय. इकडेतिकडे काय बघताय, मान वर करा. तिठ्यावर लोखंडी खांबाला ठोकलेली, हिरव्या रंगाची, पाच ओळींची पाटी दिसतेय ना? तीच मी. गाडी थांबवलीच आहे तर ऐकून घ्या. तसंही पुढच्या सीटवर भांडण चाललंय, मागच्या सीटवर कुणाला तरी शू लागलीय, तुम्ही काय लगेच निघत नाही.

मी मूळची शाळेतली. खोटं वाटेल, पण शेवटच्या बाकाची फळी होते मी. त्यामुळे शिक्षण अर्धंच. फळ्यावरचं मला कधी धड दिसलं नाही, मध्ये पन्नास डोकी आडवी. पण शेवटच्या बाकावर जे शिकवतात ते सगळं येतं: आवाज कुठून आला ते कळू न देता आवाज काढायचा, आणि नाव आपल्यावर आलं की आकाशाकडे बघायचं. माझ्या अंगावर कर्कटकानं कोरलेली अकरा नावं होती, एक बाण घुसलेला बदाम होता, आणि कोपऱ्यात 'गणित मुर्दाबाद'. ते अजून आहे. रंगाखाली.

एक दिवस बाकाचा पाय मोडला आणि मी अडगळीत गेले. तिथून मला पेंटरनं उचललं.

पेंटर म्हणजे दुकानांच्या, दवाखान्यांच्या, बसथांब्यांच्या पाट्या रंगवणारा माणूस. हात असा की रेघ मारताना श्वाससुद्धा धरून ठेवायचा. पॅन्टला कडक इस्त्री, रंगाचा एक ठिपका नाही. आणि एक सवय: लिहिलेलं परत वाचायचं नाही. शेवटचं अक्षर झालं की पाठ फिरवून ब्रश धुवायला जायचा. म्हणायचा, "वाचत बसलं की प्रत्येक अक्षरात खोट दिसते. मग पाटी जन्मात पुरी होत नाही."

मला त्यानं रंगवलं ते थोरल्या बहिणीसाठी. तसं कुणी काम दिलं नव्हतं.

या भागात पाच तळी आहेत. पहिल्यावर बदकं, दुसऱ्यावर आरशांचं घर, तिसऱ्याभोवती फिरणारी लहान मुलांची आगगाडी, चौथ्यावर दीपगृह. पाचवं सगळ्यात लहान. तिथे ताईचा धक्का. धक्का म्हणजे नावा लागतात तो, लाकडी. दोन पायडलच्या नावा आणि एक वल्ह्यांची. चारही तळ्यांच्या पाट्या रस्त्यारस्त्यावर, पाचव्याची कुठेच नाही. म्हणून पेंटरनं ठरवलं, पाचही नावं एकाच पाटीवर लिहायची. पाचवं तळंही त्या चौघांच्या पंगतीत बसू दे.

प्रेम होतं हो. पण तोंडानं कधी दाखवलं नाही. तोंडानं काय, तर चिडवणं. "ताई, ते तळं नाही, विहीर आहे विहीर! नाव वळवायची तर शेपूट काठाला लागेल." लहानपणापासून हेच. ती म्हणायची, "अरे ठोंब्या, पाण्यात पाय घालायची हिंमत नाही तुझी, आणि मापं काढतोस?"

तर, तो दिवस. बदकतळे झालं, आरसेघर झालं, छोटी गाडी, दीपगृह. शेवटची ओळ: नौकाविहार. नवा ब्रश होता, गुदगुल्या करत होता. 'ह' झाला, काना ओढला, ब्रश अजून टेकलेलाच होता, आणि मला राहवेना. कडाक्! मी उन्हात ताणलेली, जोरात आवाज काढला. त्याला वाटलं स्टूल मोडलं. दचकून मागे बघितलं, हात वर उडाला आणि कान्याच्या डोक्यावर एक झक्क वेलांटी बसली. स्टूल हलवून बघितलं, ठीक होतं. पुन्हा वळून त्यानं सवयीनं 'र' लिहिला आणि ब्रश धुवायला गेला.

नौकाविहीर.

मला असं हसू फुटलं म्हणून सांगू. आतल्या आत, अर्थात.

दुसऱ्या दिवशी मला इथे तिठ्यावर ठोकलं. चार बाण डावीकडे, एक उजवीकडे.

मी पाचांतलं एकही तळं बघितलेलं नाही. मला ती येणाऱ्याजाणाऱ्यांच्या अंगावरून कळतात. बदकतळ्यावरून परतणाऱ्या पोरांच्या स्वेटरला पिसं असतात. आरसेघरातून आलेली माणसं गाडीच्या काचेत स्वतःकडे जरा जपून बघतात. छोट्या गाडीतून उतरलेल्यांच्या तोंडात कुऽक असतंच, आणि दीपगृहावरून आलेला माणूस पाच मिनिटं गप्प असतो, घरचेसुद्धा त्याला गप्प राहू देतात. सकाळी पाचही तळ्यांचं धुकं चढत चढत इथवर येतं. मग रस्ता दिसत नाही, खांब दिसत नाही. हळूहळू जाणाऱ्या गाड्या तरंगत गेल्यासारख्या जातात, त्यांचे दिवे पाण्यातल्यासारखे लांब होतात, आणि मला वाटतं आपणच सहावं तळं आहोत. कुणी हॉर्न वाजवेपर्यंत.

पहिला अर्धा मोसम फुल्ल टाइमपास. गाडी थांबायची, काच खाली.

"काय काय आहे गं?"

"बदकं, आरसे, गाडी, दीपगृह आणि विहीर."

"विहीर?"

"नौकाविहीर म्हणे."

"पोरांना घेऊन विहिरीवर? वाकून बघायला जातील आणि... छे. डावीकडे घे."

एक आजोबा म्हणाले, "जुनी असेल. पायऱ्यापायऱ्यांची." आजी म्हणाल्या, "पायऱ्या म्हटल्याबरोबर माझे गुडघे बोलायला लागले. बदकंच बरी."

सगळ्या गाड्या डावीकडे. मी खूश. उजवीकडे कुणीच जात नाही म्हणजे काय होतंय, हे माझ्या लाकडी डोक्यात आलंच नाही.

मग एका दुपारी ताई आली. तिचं घर धक्क्यावर, बाजार पलीकडच्या काठाला, त्यामुळे तिठ्यावर तिचं येणं व्हायचं नाही. मोसम अर्धा सरला तरी माणूस का येत नाही ते बघायला आली होती. माझ्या खालीच बसथांबा आहे, आणि रांगेत पेंटर उभा होता.

"हे काय लिहिलंयस?"

"काय लिहिलंय?"

"वाच."

"मी लिहिलेलं वाचत नाही, तुला माहितीये."

"मग आज वाच. मोठ्यानं वाच. रांगेला ऐकू जाऊ दे."

त्यानं वर बघितलं. "नौका... वि..."

"थांबलास का? पुढचं अक्षर जड जातंय?"

"ताई, हे मी नाही लिहिलं."

"मग काय पाटीनं आपलं आपण लिहिलं?"

मी आकाशाकडे बघितलं.

"आयुष्यभर विहीर विहीर करून चिडवलंस," ताई म्हणाली. तिचा आवाज खाली गेला होता, ते ओरडण्यापेक्षा वाईट. "घरात चिडवलंस ते चाललं. आता भर रस्त्यात? ऑइलपेंटनं?"

"अगं, कुणी वात्रटानं नंतर काढली असेल वेलांटी. माझा हात असा जात नाही."

"म्हणजे चूक तुझी नाहीच."

"नाहीच."

"मग पुसूही नकोस. ज्यानं केलं त्यानंच पुसायचं. तोवर राहू दे."

"राहू दे तर राहू दे."

झालं. एक उजवीकडे चालत गेली, एक बसमध्ये चढला. रांगेतली माणसं माझ्याकडे बघून हसली. मला मात्र पहिल्यांदा हसू येईना.

त्यानंतर पेंटर रोज माझ्याखाली उभा राहायचा, पण माझ्याकडे पाठ करून. आणि रांगेतल्या गप्पांतून मला एकेक गोष्ट कळत गेली. ताईनं एक नाव उलटी करून ठेवली. मग दुसरी. मग एक बाई दुसरीला म्हणाली, "शनिवारी ट्रक येणार. तिन्ही नावा धरणावर जाणार. धक्का बंद."

ताईचा धक्का बंद, हे ऐकून मला असा धक्का बसला... हसू नका. विनोद नाहीये.

मी प्रयत्न केले. धुकं पिऊन फुगले, म्हटलं रंगाचा पोपडा तरी निघेल. एक नाही निघाला. रंग उत्तम होता. भाऊ बहिणीसाठी हलका रंग कशाला आणेल?

शुक्रवारी दुपारी एक निळी गाडी थांबली. आई, बाबा, आणि पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी. नुकतीच वाचायला शिकलेली, त्यामुळे दिसेल ते वाचत सुटलेली.

"नौ-का-वि-ही-र. बाबा, विहिरीत नाव कशी मावते?"

"नाही मावत. आपण बदकं बघायची."

"पण लिहिलंय. मग मावत असेल. आडवी घालत असतील की उभी?"

"अगं, तसं काही नसतं."

"बघितलंय का तुम्ही?"

बाबांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "माझ्याकडे नका बघू. मलाही आता जाणून घ्यायचंय, आडवी का उभी."

गाडी उजवीकडे वळली. कितीतरी दिवसांत पहिली. माझे खिळे गरम झाले.

उन्हं कलली तेव्हा गाडी परत आली. तेवढ्यात बस थांबली आणि पेंटर उतरला. मुलगी गाडीतून उडी मारून थेट माझ्याखाली. केसांतून पाणी गळत होतं.

"काका, ही पाटी चुकलीये."

"माहितीये," पेंटर म्हणाला.

"तिथे विहीर नाहीचे. तळं आहे. एवढुसं. पण आख्खं आकाश मावतं त्यात. आम्ही ढगांवरून नाव नेली, खरंच, वल्हं मारलं की ढग मोडायचा आणि परत जुळायचा. मावशींनी सहा फेऱ्या मारू दिल्या. म्हणाल्या, उद्यापासून नावा नाहीत, घ्या मारून."

पेंटरनं उजवीकडच्या रस्त्याकडे बघितलं.

"कुणी लिहिलीये ही पाटी?"

"मीच. पण ती वेलांटी माझी नाही."

"मग कुणाची? बाबा, खांद्यावर घ्या ना."

बाबांनी घेतलं. तिचं ओलं बोट माझ्या शेवटच्या ओळीवरून फिरलं. कान्यावर थांबलं. मग वर गेलं.

"काका, इथे केस अडकलाय. ब्रशचा. कान्यात आहे ना, तोच वर वेलांटीतपण गेलाय. एकच केस. लांबच्या लांब."

पेंटर थांब्याच्या बाकावर चढला. चष्मा कपाळावर ढकलून त्यानं मला इतक्या जवळून बघितलं की त्याचा श्वास माझ्या अंगावर आला. त्यानं पहिल्यांदाच स्वतःचं लिहिलेलं शेवटपर्यंत वाचलं असेल. नखानं त्यानं तो केस चाचपला. काना आणि वेलांटी, दोन्ही एकाच ओल्या रंगातली.

"नवा ब्रश होता त्या दिवशी," तो हळूच म्हणाला. "केस गळत होते." मग खाली उतरला आणि बाबांना म्हणाला, "एक विचारू? मला तळ्यापर्यंत सोडाल? चालत अर्धा तास लागतो, आणि मी आधीच खूप उशीर केलाय."

"बसा ना काका," आई म्हणाली. गाडी पुन्हा उजवीकडे वळली.

तिथे काय झालं, मला माहीत नाही. रात्रभर मी खांबावर काट्यांवर बसल्यासारखी होते. सकाळी धुकं होतं, आणि धुक्यातून दोघं चालत आली. त्याच्या खांद्यावर शिडी, तिच्या हातात रंगाचा डबा. पेंटरची इस्त्रीची पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली होती.

"नीट धर, ताई."

"धरलीये. तू नीट लिही. माणसं येतात वाचायला."

पात्यानं त्यानं वेलांटी खरवडली. दुखलं. दुखू दे म्हटलं.

"कळलंच नाही गं मला. हात हलला असेल."

"असेल काय? हलला."

"हलला."

"मग तेव्हाच म्हणायचंस ना, ठोंब्या. आणि मीही... विचारायच्या आधीच उखडले."

त्याचा हात हलला नव्हता हो. मी हलवला होता. आयुष्यात एक रेघ न चुकलेल्या माणसानं माझी चूक स्वतःच्या नावावर घेतली, आणि मी वर गप्प.

तेवढ्यात धुक्यातून ट्रक आला. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "ओ ताई, नावा उचलायच्यात. ती नौकाविहीर कुठंशी?"

ताईनं शिडी सोडली नाही. "विहीर नाही इथे कुठे."

"अहो, सगळे तेच सांगतात, नौकाविहीर!"

"होती. आत्ताच बुजवली. वर बघा, रंग ओला आहे." ती हसली, आणि शिडीवर तोही इतका हसला की शिडी हलली. "नावा नाही मिळायच्या, दादा. चक्कर फुकट गेली तुमची. या, एक फेरी तरी मारून जा."

ड्रायव्हरनं दोघांकडे बघितलं. मग ट्रक उजवीकडे वळवला, आणि दोन तासांनी रिकामा ट्रक शीळ घालत परत गेला.

हल्ली गाड्या दोन्हीकडे जातात. माझा हिरवा रंग विटलाय, एक खिळा सैल झालाय, कावळ्यांचं काय सांगू. तुम्ही आता निघा. मागच्याला खरंच शू लागलीय. पण ऐका, उजवीकडे जा. धक्क्यावर रविवारी एक माणूस नावांवर अक्षरं काढत बसलेला असतो. त्याला सांगा, त्या दिवशी हात तुझा नव्हता हलला, पाटी हलली होती. तो म्हणेल, पाटी कुठे हलते का. तरी सांगा. मीच सांगितलं असतं, पण त्याच्याशी बोलायला माझ्याकडे अंगावरच्या पाच ओळीच आहेत, आणि आता त्या पाचही बरोबर आहेत.